तिसऱ्या तोफेमागची पेटी

जहाज एका तारखेचं असतं. ही गोष्ट ज्याला कळत नाही त्यानं जहाजाची प्रतिकृती करू नये, पतंग करावेत. युद्धनौका दर सहा महिन्यांनी बदलते. एखादी तोफ निघते, एखादी शिडी येते, होडीची जागा सरकते. तुम्ही नौका करताय ती नेमक्या कुठल्या दिवसाची, हे आधी ठरलं पाहिजे. त्या दिवशी तिच्यावर जे नव्हतं, ते कितीही देखणं असलं तरी लावायचं नाही. गेली वीस वर्षं भेटेल त्याला मी हे ऐकवत आलोय. मागच्या वर्षीच्या प्रदर्शनात एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या नौकेसमोर उभा राहून मी चारचौघांत मोठ्यानं सांगितलं, की यांच्या नांगराच्या साखळीत प्रत्येक कडीच्या मधोमध असते ती आडवी काडी नाहीये. पोस्टमास्तरांचा चेहरा एवढासा झाला. घरी आल्यावर बायको म्हणाली, त्या माणसाची तीन वर्षं होती त्या नौकेत आणि तुम्हाला काडी तेवढी दिसली. मी म्हटलं, नव्हती म्हणून तर दिसली.

पोटापाण्यासाठी मी कवळ्या करतो. डॉक्टर जबड्याचं माप पाठवतात, मी प्लास्टरचा साचा ओततो, मेणात दात बसवतो, घासून गुळगुळीत करतो. बायको मला मिलीमीटर म्हणते. 'मिलीमीटर जेवायला या' अशी हाक आली की शेजारीसुद्धा हसतात. हसोत बापडे.

चार वर्षांपूर्वी मी दादांची नौका करायला घेतली. दादा म्हणजे माझे वडील. त्यांच्या नौकेला खलाशी म्हातारी म्हणायचे, कारण चालताना ती खोकल्यासारखा धूर सोडायची. एकसष्ट वर्षांपूर्वी तिची एकच मोठी लढाई झाली. दादा तेव्हा वीस वर्षांचे, तिसऱ्या तोफेला गोळे पुरवणारे. बरोबर त्यांच्याच गल्लीतला मित्र, सदानकदा शीळ घालायचा म्हणून त्याचं नाव पडलं पिपाणी. त्या सकाळी तिसऱ्या तोफेपाशी शत्रूचा गोळा पडला आणि पिपाणीसकट पाच जण जागच्या जागी गेले. दादा वाचले, कारण नेमके त्या क्षणी ते तोफेमागच्या लोखंडी पेटीआड वाकले होते. गोळे ठेवायची पेटी, गोल झाकणाची. झाकणाची कड लागून हनुवटी फाटली, तो व्रण अजून आहे.

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन याला सुमार नाही. दर वर्षी लढाईच्या तारखेला दादा पिपाणीच्या आईकडे जायचे. मी तिला पिपाणीआजी म्हणायचो. ती दादांना समोर बसवायची आणि म्हणायची, सांग. दादा सांगायचे. ती एकदाही मध्ये बोलायची नाही. मी कोपऱ्यात बसून पेटीची वाट बघायचो. पेटी आली की माझ्या जिवात जीव यायचा, कारण पेटी आली म्हणजे दादा वाचले. जहाजांचा नाद मला त्या पेटीनं लावला. म्हणूनच चार वर्षांपूर्वी म्हातारीचा सांगाडा उभा करायच्या आधी मी पेटी केली. कवळीच्या गुलाबी मसाल्यातून कोरलेली, वरून करडा रंग दिलेली, बारा मिलीमीटर लांब. एका डबीत कापसावर ती ठेवली आणि मग जहाजाला हात घातला. तारीख पक्की व्हायच्या आधी सुटा भाग कधी करू नये, हा माझाच नियम. मी दुसऱ्यांना सांगतो तो.

नौका पुरी होत आली. शहरातल्या नौदल संग्रहालयानं ती मागून घेतली. लढाईच्या तारखेला समारंभ ठरला, पाटी छापून आली: लढाईच्या सकाळी होती तशी. पडदा दादा उघडणार आणि आपली गोष्ट सांगणार. संग्रहालयाच्या बाईंनी ती गोष्ट पत्रकातही छापली, पेटीसकट. समारंभाला नऊ दिवस उरले असताना त्याच बाईंचा फोन आला. म्हणाल्या, अडगळीत फोटोची एक जुनी काच सापडलीय, लढाईच्या आदल्या संध्याकाळी म्हातारी बंदर सोडताना कुणीतरी क्रेनवरून काढलेला फोटो. तुम्हाला बघायला आवडेल.

मी हातातली कवळी तशीच टाकून धावलो.

असा फोटो प्रतिकृती करणाऱ्याला आयुष्यात एकदा मिळतो. वरून घेतलेला, सगळा डेक उघडा. मी दातांच्या कामाचं भिंग लावलं आणि पुढून मागे सरकत गेलो. पहिली तोफ बरोबर. होड्या बरोबर. चिमणीमागची शिडी माझ्यापेक्षा अर्धा मिलीमीटर डावीकडे, ते चालण्यासारखं. तिसरी तोफ. तोफेमागे गोळे उघड्यावरच रचलेले, वर दोर टाकलेला. पेटी नाही.

सावली असेल म्हणून काच तिरपी करून पाहिली. कठड्याचे खांब मोजून पाहिले, की मी भलतीच तोफ तर बघत नाही. बाईंनी चहा आणला तो गार झाला. पेटी बारीकसारीक वस्तू नव्हे, खऱ्या जहाजावर ती सव्वा मीटरची. असती तर दिसली असती. मी बाईंना गोदीची दुरुस्तीची वही मागितली. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी काढून ठेवली. लढाईनंतर सात आठवड्यांची नोंद: उघड्यावरच्या गोळ्यांनी पेट घेतल्यामुळे माणसं दगावली, सबब तिसऱ्या तोफेमागे गोल झाकणाची लोखंडी पेटी बसवली, नग एक. खाली सही.

मी ते वाक्य पाच वेळा वाचलं. ती माणसं मेली म्हणून पेटी आली होती. आणि माझे वडील तिच्याआड वाकून वाचले होते.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, म्हातारा माणूस, साठ वर्षं झाली, दुसऱ्या कशाच्या तरी आड वाकले असतील. मी म्हटलं, कशाच्या? तिथं आडोसा म्हणून काही नाहीच. आहेत ते गोळे, आणि ते तर फुटले. मग ती म्हणाली, पाटीवरची तारीख बदला. मी तिला समजावलं की दुरुस्तीनंतरची नौका करायची तर चौदा ठिकाणी तोडफोड करावी लागेल, आणि समारंभ लढाईच्या तारखेचा आहे. ती म्हणाली, मग ठेवा ती पेटी, बारा मिलीमीटरची तर आहे. माझा असा तिळपापड झाला की मी चपला घालून बाहेर पडलो आणि तीन चौक चालून गेल्यावर लक्षात आलं, की दोन्ही पायांत डाव्याच आहेत. एक माझी, एक तिची.

पुढचे चार दिवस माझ्या पायाला भिंगरी लागली होती. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की डबी उघडावीशी वाटे. चिमट्यानं पेटी उचलायची, तिसऱ्या तोफेमागे ठेवायची, बघायचं, परत काढायची. ठेवली की जहाज खोटं. काढली की वडील खोटे. शिवाय समारंभाला पोस्टमास्तर येणार हे नक्की होतं, आणि ते काही साखळी विसरले नव्हते. कामातही चित्त नव्हतं. एका बाईंच्या कवळीत डावीकडची दाढ उजवीकडे बसवली. डॉक्टरांनी फोन करून विचारलं, की तब्येत बरी आहे ना. बरी कसली असणार? मला भीती वाटत होती. दादांना जाब विचारायची नाही, त्यांनी दिलेल्या उत्तराची.

सरळ त्यांना विचारायचं सोडून मी आणखी पुरावे शोधत सुटलो. जित्याची खोड. खलाशी घरी फोटो पाठवायचे, एखाद्यात तिसरी तोफ दिसेल, या आशेनं मी पिपाणीच्या बहिणीकडे गेलो. मी त्यांना मावशी म्हणतो. बहात्तर वर्षांच्या आहेत, अजून शिवणकाम करतात. मशीनवरून न उठता त्यांनी मला कपाटावरचा बटणांचा डबा काढायला लावला. बटणांखाली पत्रं होती. फोटो एकच, तोही दोघांचा, बंदरावरच्या स्टुडिओतला. जहाजाचा खिळासुद्धा त्यात नव्हता.

"सगळ्यात वरचं वाच," मावशी म्हणाल्या. "ते शेवटचं."

पत्र लढाईच्या आदल्या दिवशीचं. पिपाणीचं अक्षर मोठं, शाळकरी. लिहिलं होतं, आई, आपल्या गल्लीतल्या वीराला गालगुंड झालेत. तोंड असं फुगलंय की टोपी बसत नाही. त्याला आज किनाऱ्यावर उतरवून दवाखान्यात टाकला, रडत गेला. त्याच्या जागी मला तिसऱ्या तोफेवर घेतलंय. आठ महिन्यांनी कोठारातून उजेडात आलो. आता बघ मजा.

मशीन चालूच होतं. मी पत्राची घडी घालायला लागलो तर ती जुन्या घडीवर बसेना.

"आजीला हे पत्र कधी मिळालं?" मी विचारलं.

"तार आली त्याच्या चौथ्या दिवशी. तुझे बाबा पहिल्यांदा आले ते त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी."

म्हणजे दादा पहिल्यांदा त्या घरात जाऊन बसले आणि 'मी त्याच्याजवळ होतो' म्हणाले, तेव्हा हे पत्र त्याच खोलीत होतं. पुढची एकतीस वर्षं, आजी जाईपर्यंत, ते तिथंच होतं. मी मावशींना विचारलं, की मग आजी बोलली का नाही.

मावशींनी धागा दातानं तोडला. "मीपण विचारलं होतं. आई म्हणाली, खोटं सांगायला का होईना, पोर दर वर्षी येतंय. खरं काढलं तर यायचं बंद होईल."

समारंभाचं आमंत्रण त्यांनाही आलं होतं. येणार का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पत्राचं दादांना सांगू की नको, तेवढं विचारलं. त्या म्हणाल्या, बाप तुझा आहे, तू ठरव.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा माझ्या खोलीत आले. त्यांना आता नीट दिसत नाही, जहाज ते बोटांनी बघतात. एका बोटानं नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात केली, चिमणी, शिडी, आणि तिसऱ्या तोफेमागे येऊन बोट थांबलं.

"पेटी?"

"लावली नाही."

"वाळायचीय का?"

मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी तिथं पेटी नव्हती. सात आठवड्यांनी बसवली."

नाकावरचा राग मी त्यांच्याकडूनच घेतलाय, त्यामुळे ओरडा ऐकायची तयारी ठेवली होती. पण ते स्टुलावर बसले आणि काठीची मूठ चोळत राहिले. म्हणाले, इतकं बारीक कोण बघतं? मी म्हटलं, मी बघतो. "हो," ते म्हणाले. "तुला त्या नादाला मीच लावलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, अडखळत, उलटसुलट. नौका परत आल्याचा भोंगा ऐकून ते दवाखान्याच्या कपड्यांत धावत सुटले आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर आपटले, हनुवटी फुटली ती तिथं. दुरुस्ती झाल्यावर ते म्हातारीवर परत गेले तेव्हा त्यांच्या जागी ती पेटी उभी होती, रंगसुद्धा वाळला नव्हता. पुढच्याच रजेत ते पिपाणीच्या आईला भेटायला गेले. खरं सांगायचं, पाया पडायचं आणि निघायचं, असं ठरवून गेले होते. दारातच तिनं विचारलं, तू होतास ना रे त्याच्याजवळ? "नाही म्हणायला तोंड उघडलं," दादा म्हणाले, "आणि हो निघालं." मग ती म्हणाली, मग तू कसा वाचलास? तेव्हा डोळ्यांपुढे काय आलं, तर ती पेटी.

"एकदा हो म्हटलं की झालं. दर वर्षी तेच. तू बरोबर असायचास, तुला खरं वाटायचं, मग घरीही तेच. नंतर नंतर मलाच पेटीचं झाकण आठवायला लागलं."

मी गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. पण मूग गिळून बसणं मला जमलं असतं तर एवढं आयुष्य असं गेलं नसतं. मी त्यांना पत्राचं सांगितलं. गालगुंडांचं, टोपीचं, कोठारातून उजेडात आल्याचं. पत्र कधी आलं तेही सांगितलं.

आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं, आणि ते भडकले. म्हणाले, माहीत होतं तर मला दर वर्षी बोलायला का लावायची? मी तिथं बसून घामाघूम व्हायचो, आदल्या रात्री झोप नसायची, आणि ती नुसती ऐकायची? एकतीस वर्षं? काठी त्यांनी अशी आपटली की टेबल हललं आणि म्हातारीचे झेंडे थरथरले. मी त्यांना आजीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, खोटं सांगायला का होईना, पोर दर वर्षी येतंय.

दादा माझ्यासमोर कवळी कधी काढत नाहीत. ती मीच केलेली आहे, पण तेवढी त्यांची लाज आहे. त्या दुपारी त्यांनी ती काढून हातात धरली आणि बोळक्या तोंडानं रडले. मी त्यांच्या हातातली कवळी घेतली, धुऊन आणली आणि ते थांबेपर्यंत धरून उभा राहिलो.

ते निघाले तेव्हा मी विचारलं, समारंभात काय सांगणार? बघू, म्हणाले. पेटीचं काय करू? तर म्हणाले, तू तुझ्या नियमानं कर.

नियमानं केलं. गोळे उघड्यावर रचले, वर दोर टाकला, फोटोत आहे तसा. तोफेभोवती पाच माणसं उभी केली, प्रत्येक सतरा मिलीमीटरचा. पाचव्याचे ओठ शीळ घातल्यासारखे करायचा प्रयत्न केला. त्या मापात ओठ करता येत नाहीत हे मला पक्कं माहीत असून दीड दिवस घालवला. पेटी मात्र टाकवली नाही. समारंभाला जाताना डबीसकट सदऱ्याच्या खिशात घातली. शेवटच्या क्षणी दादांचा धीर सुटला तर ठेवता यावी म्हणून. एवढा मी घसरलो होतो.

दालनात चाळीसेक माणसं होती. म्हातारीवरचे दोनच खलाशी उरलेत, दोघेही इंजिनखोलीतले, त्यांना डेकवरचं काही ठाऊक नाही. पहिल्या रांगेत मावशी, मांडीवर पर्स घट्ट धरून. दादांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या. बाई ध्वनिक्षेपक घेऊन त्यांच्याकडे वळणार तेवढ्यात पोस्टमास्तर पुढे आले. एका हातात भिंग, दुसऱ्यात म्हातारीचा सगळ्या पुस्तकांत असतो तो फोटो. तो दुरुस्तीनंतरचा आहे. एक वर्ष वाट बघितलेल्या माणसाच्या सावकाशीनं त्यांनी नाळेपासून सुरुवात केली.

"तिसऱ्या तोफेमागे," ते मोठ्यानं म्हणाले, "पेटी दिसत नाही."

सगळ्यांच्या हातात पत्रक होतं. सगळ्यांनी आधी पत्रकात पाहिलं, मग दादांकडे. माझ्यापाशी उत्तर होतं, कागदोपत्री, तारखेसह. ते दिलं असतं तर पोस्टमास्तर गप्प बसले असते आणि दादा उघडे पडले असते. मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी खिशातल्या डबीवर हात ठेवला.

"राहिली," मी म्हणालो. "विसरलो मी."

वीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. बायकोनं चमकून वर पाहिलं. पोस्टमास्तरांचं तोंड आनंदानं फुलायला लागलं होतं.

"तो विसरलेला नाही," दादा म्हणाले. ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात नव्हता, तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. त्यांनी काठी टेकत दोन पावलं टाकली, बोटानं चाचपत तिसरी तोफ शोधली आणि पाचव्या माणसावर बोट ठेवलं. तोंड मात्र पहिल्या रांगेकडे होतं.

"पेटी नंतर आली. मीही नंतरच आलो. त्या सकाळी इथं हा होता."

पोस्टमास्तरांनी भिंग खाली केलं, खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं.